घंटीमागची चाल

मायनं दादांचा करदोडा तिसऱ्यांदा बदलला, तेव्हा मी म्हणाले, आता दवाखान्यात जायलाच पाहिजे. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो आणि आईला माय. दादा खाटेवर बसून हसले. म्हणाले, "दोरा आटून राह्यला बाई, धुऊन धुऊन." माय काळा दोरा त्यांच्या पोटाभोवती फिरवत होती आणि दोऱ्याची दोन टोकं समोर एकमेकांना पुरत नव्हती. "व्हय," ती म्हणाली, "दोरा आटला, पोट हाये तेवढंच हाये."

मी तेव्हा टेंभुर्णीहून जाफराबादला एसटीनं जाऊन-येऊन अकरावी करत होते. घरात शिकणारी मी एकटीच, त्यामुळं कुणी ऐको न ऐको, बोलायचा हक्क मी घेऊन टाकला होता. माझा तापटपणा मायकडून आला असं दादा म्हणत आणि दादांकडून आला असं माय म्हणे. माझ्या मते दोघांनी वाटून दिला होता.

दादा कळायला लागल्यापासून मेंढरांमागं चाललेले. दिवाळी झाली की तळ हलायचा, तो पाऊस तोंडावर येईपर्यंत या शिवारातून त्या शिवारात. त्यात एक रीत ठरलेली होती. बायका घोडीवर बिऱ्हाड लादायच्या, भांडी, घोंगड्या, कोंबड्या, वर एखादं लेकरू, आणि घोडीला धरून सरळ वाटेनं पुढं निघायच्या. कळप पोचायच्या आत नव्या तळावर चूल पेटलेली पाहिजे. माणसं मागून यायची, मेंढरं चारत चारत, बांधाबांधानं. म्हणजे माझे आईवडील लग्न झाल्यापासून शेकडो कोस चालले, पण एकमेकांसोबत कधी चाललेच नव्हते.

मेंढरं विकली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. रानं कापसाखाली गेली, गायरानावर घरं आली, जो तो बांधावरून हाकलायला लागला. कळप गेला, पाठोपाठ घोडीही गेली. घोडीच्या गळ्यातली घंटी तेवढी मायनं काढून घेतली आणि चुलीजवळच्या खुंटीला अडकवली. दादा गावाबाहेरच्या एका जिनिंगवर वॉचमन म्हणून लागले. फाटकाशी लोखंडी खुर्ची, अंगात खाकी सदरा. कापसाची गाडी आली की फाटक उघडायचं आणि गाडीवाल्यानं पाजला तर चहा प्यायचा. गाडीवाले मोठ्या मनाचे होते. घरी भाकरी मात्र पूर्वीइतक्याच. खाणं मेंढरांमागचं राहिलं आणि काम खुर्चीवरचं झालं. काही वर्षांतच दादा त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आले.

तरीही करदोड्यानं काही त्यांना दवाखान्यात नेलं नाही. नेलं ते डोळ्यांनी. एका संध्याकाळी त्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या रुईच्या गाठीला "रामराम पाव्हणं, कवा आले?" म्हणून विचारलं. हमालांनी ते गावभर केलं. लोक हसले, दादाही हसले. पण घरी आल्यावर ते चुलीसमोर बसून स्वतःचाच हात डोळ्यांपुढं धरून पाहत राहिले. या माणसानं कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखलं होतं. पार पलीकडच्या टोकाला एखादं लंगडत असलं तरी त्यांना इकडून दिसायचं, आणि तिथं जाऊन, त्याला मांडीवर उताणं पाडून ते खुरातला काटा काढायचे.

मी त्यांना जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात पिकलेला. पण रक्त तपासल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, साखर फार आहे. अशा अंगात जखम भरत नाही, पू होईल, असलेली नजरही जाईल. आधी साखर उतरवा, मग या. मी वाद घातला. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसले होते. दर थोड्या वेळानं विचारत होते, "आता काय आलं, बाई?" मी सांगत होते, ऊस आहे, विहीर आहे, शाळा सुटली आहे. साखर नाही उतरली तर हे आता जन्मभर असंच विचारत राहणार, एवढं मला कळलं होतं.

जाफराबादच्या डॉक्टरांपुढं दादांनी आधी आपली बाजू मांडली. "मी साखर खातच न्हाई. गूळ खातो." डॉक्टर हसले, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. खाल्लेल्याची साखर होते, ती रक्तातून उचलून मांसात न्यायचं काम इन्सुलिनचं. ते तुमच्या अंगात तयार होतंय, कमी नाही. पण पोटावर चरबी चढली आणि हातापायांना काम उरलं नाही, म्हणून अंग त्याचं ऐकेनासं झालंय. गोळ्या देतो, गोड बंद करा, भाकरी कमी करा. पण खरं औषध म्हणजे चालणं. मांड्या-पोटऱ्या चालायला लागल्या की त्या साखर ओढून घेतात, आणि अंग पुन्हा ऐकायला लागतं.

दादांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे हाळी बराबर देऊन राह्यले, पण मेंढरं मान वर करून पाहीनात."

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

"बसून सुस्तावलेली मेंढरं न्हाईच ऐकत. त्यायला आधी उठवून चालवा लागतं."

"मग उठवा उद्यापासून."

आणि दादांनी खरंच उठवली. पहाटे काठी घेऊन ते जाफराबाद रस्त्यानं निघायचे, ते उन्हं वर आल्यावर घरी यायचे, आणि मग जिनिंगवर जायचे. रस्ता पायाखालचा, डाव्या डोळ्याला अजून अंधुक दिसत होतं. एक खाडा नाही. माय भाकरी मोजून वाढू लागली, आणि भाकरी मागितली की मी डोळे वटारायचे. दोन महिन्यांनी आम्ही तपासायला गेलो. साखर होती तिथंच होती. डॉक्टर जरा वैतागून म्हणाले, "बाबा, चालता का नुसतं सांगता?"

दादांचा चेहरा पडला. माझं डोकं गरम झालं. अख्खी एसटी ऐकेल अशा आवाजात मी डॉक्टरांचा उद्धार करत घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हटलं, जाऊन पाहूच, आणि दादांच्या मागून निघाले.

गाव संपलं. दादांनी चार पावलं टाकली आणि थांबले. काठी पुढं रोवली, तिच्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, एक पाय दुसऱ्याच्या पोटरीला टेकवलेला. असे ते निवांत उभे राहिले. मग जिभेनं टक् केलं, चार पावलं गेले, पुन्हा थांबले. मध्येच बारीक आवाजात ओवी धरली. मला आधी वाटलं दम लागला असेल. पण दम कसला, अंगाला घामही नव्हता.

"दादा, थांबता काहून?"

ते दचकले नाहीत. सहज म्हणाले, "चरू द्या लागते की."

"कोणाला?"

दादांनी हनुवटीनं पुढं दाखवलं. मी हसायला तोंड उघडलं होतं, पण हसू आलं नाही. आमच्यापुढं रिकामा रस्ता होता. मला इतकं वाईट वाटलं की त्याचा रागच आला.

"मी न्हाई थांबवत, बाई," ते शेवटी म्हणाले. "पाय थांबतेत. त्यायला तेवढंच माह्यती हाये."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी घरी आल्यावर पुन्हा फोड करून सांगितलं. नुसतं घराबाहेर राहून उपयोग नाही. दम लागला पाहिजे. चालताना बोलता यावं, पण ओवी म्हणता येऊ नये. दादांनी मान हलवली आणि खरंच प्रयत्न केला. पण मेंढरांच्या चालीनं जन्म काढलेला माणूस, दहा पावलं घाईनं टाकली की अकराव्याला काठी आपोआप रोवली जायची. चार दिवसांनी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. डोळे काय, मेल्यावर मिटायचेच हायेत."

माय भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला. "उद्या मी येते," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"मला थांबता येत न्हाई, म्हणून."

तिनं खुंटीवरची घोडीची घंटी काढली, पदरानं पुसली. "मी पुढं चालते. तुम्हाला दिसत न्हाई, तर कानानं या."

आमच्याकडं त्या काळी नवरा पुढं आणि बायको दोन हात मागं, अशी चालायची पद्धत. त्यात हातात घंटी घेऊन पुढं निघालेली बाई आणि मागून काठी टेकत येणारा तिचा जाडजूड नवरा म्हणजे गावाला फुकटचा तमाशाच झाला. फाट्यावरच्या हॉटेलात एकानं विचारलं, "मावशी, मामाला बाजारात इकायला चालल्या का?"

माय चालता चालताच म्हणाली, "घेता का? खाणं लई हाये."

हॉटेल हसलं आणि त्यानंतर आम्हाला कुणी फार छेडलं नाही.

कॉलेजला सुट्टी असली की मीही सोबत जायची, म्हणून मला ती चाल पाहायला मिळाली. माय बुटकी, सडपातळ. पाऊल छोटं पण सपासप पडायचं. तिच्या वेगात घाई नव्हती, नेम होता. कळप यायच्या आत चूल पेटवायची, एवढंच तिच्या पायांना ठाऊक. घंटी टणटण करत पुढं जायची. दादा मागं पडले की आवाज बारीक व्हायचा आणि ते पाय उचलायचे. "अगं, जरा दमानं," ते धापा टाकत म्हणायचे. ती मागं वळूनही न बघता म्हणायची, "चूल पेटवायची हाये." दादांना हसायला यायचं आणि हसायला दम पुरायचा नाही. सदरा पाठीला चिकटायचा. दुसऱ्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. परत येताना ओवी म्हणून दाखवा, असं मी म्हणायची. एक ओळही निघायची नाही. मग मी खूश.

पुढच्या तपासणीला साखर खाली आली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. गंमत म्हणजे काट्यावर वजन फारसं हललं नव्हतं. मला वाटलं रिपोर्ट चुकला. डॉक्टर म्हणाले, वजन सावकाश उतरेल, न उतरेल, पण अंग त्याआधीच ऐकायला लागतं. बरोबर चाललंय. घरी आल्यावर मायनं दादांचा करदोडा बोटानं ओढून पाहिला. दोन बोटं आत गेली. तिनं गाठ सोडली आणि आतल्या अंगाला नवी मारली. दोऱ्याचं उरलेलं टोक तिनं कापलं नाही, तसंच लोंबू दिलं.

मग पिंपळगाव रेणुकाईला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. माय भाचीच्या लग्नाची तयारी करायला आधीच माहेरी गेली. दादांची घंटी गेली तशी चालही गेली. त्यात पुन्हा मांडव, पाहुणे, बुंदी. लग्न उरकून आल्यावर तपासलं तर साखर पुन्हा चढलेली. डॉक्टर या वेळी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की चालण्यानं अंग ऐकायला शिकतं, पण ते विसरतंही लवकर. चालणं थांबवलंत की थोड्याच दिवसांत पुन्हा बहिरं होतं. ऑपरेशन पाहिजे असेल तर खंड नको.

माय त्या दिवशी सोबत होती, बाकावर बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी घंटी रोजच्यापेक्षा लवकर निघाली.

दिवाळीच्या सुमाराला शेतकरी कुंपणाला बाभळीच्या फांद्या तोडून नेतात. गाड्यांतून काटे सांडतात, रस्ता भरून जातो. त्याच दिवसांत कधीतरी दादा म्हणायला लागले, "घंटी अडखळून राह्यली." मीही कान देऊन ऐकलं. खरंच, टण वाजायची आणि पुढची टण जरा उशिरा यायची. दादांनी एका दुपारी घंटी मांडीवर घेतली, आतला लोळा बोटांनी चाचपला आणि तो ढिला झालाय असं म्हणून तारेनं आवळायला बसले. दिसत नव्हतं, तार बोटात घुसत होती. माय समोर तुरीच्या शेंगा सोलत होती.

"झाली का नीट?" तिनं विचारलं.

"आता बराबर वाजंल."

"वाजंल," माय म्हणाली.

घंटी तशीच वाजत राहिली. "जुनी झाली," दादा म्हणाले. "जुनीच हाये," माय म्हणाली, आणि पाय उचलला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जालन्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि तारीख दिली. मी तिथंच मोठ्यानं "बघा!" म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. माय आली नाही. दोघींचा खर्चा कशाला, म्हणाली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सोडली तेव्हा दादांनी आधी डॉक्टरांकडं, मग भिंतीकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "तू एवढी मोठी झाली?" ते म्हणाले. मला रडू आलं आणि नर्सनं मला बाहेर काढलं. परतीच्या गाडीत काय काय आलं ते आता दादा मला सांगत होते, आणि त्यांना एकही विहीर सोडवत नव्हती.

डॉक्टरांनी काही दिवस जपायला सांगितलं होतं. डोळा चोळायचा नाही, ओझं उचलायचं नाही. मग चालायला परवानगी मिळाली. त्या पहिल्या सकाळी मीही निघाले, नव्या डोळ्यावर पहारा करायला. दादा म्हणाले, आता घंटी कशाला, दिसतं. माय सवयीनं घेऊनच निघाली.

फाट्यापर्यंत दादांचं तोंड चालूच होतं. लिंब तोडला का, हॉटेलाला रंग दिला का, याचं घर कवा झालं. पहिला पूल गेला आणि ते गप्प झाले. माझ्या ते आधी लक्षातच आलं नाही. ते समोर पाहत होते, मान किंचित कलती, नजर खाली. अशी मान मी कळप असताना पाहिली होती.

"थांब," ते म्हणाले.

"चूल पेटवायची—"

"थांब म्हन्लं ना."

तो आवाज मेंढरं विकल्यापासून मी ऐकला नव्हता. माय थांबली. दादा पुढं गेले आणि रस्त्याच्या कडेला, मातीत, मांडी घालून बसले. "पाय दे. डावा."

"अवो, येडे झाले का? लोकं पाहून राह्यले."

"दे."

त्यांनी तिचा पाय स्वतःच ओढून मांडीवर घेतला. ती पडू नये म्हणून मी तिला धरलं. नवऱ्यानं भर रस्त्यात बायकोचा पाय मांडीवर घेतलेला आमच्या गावानं पाहिलेला नव्हता. एक सायकलवाला पाय टेकून उभाच राहिला. दादांनी चप्पल काढली, तळवा उजेडाकडं वळवला. बोटांखाली पिवळट, टणक गाठ होती, मधोमध काळा ठिपका. काटा आत मोडून चार-पाच महिन्यांत त्याचं कुरूप झालं होतं. दादांनी अंगठा टेकवला तसा मायनं श्वास आत ओढला.

"कवाचा?"

माय पाय मागं ओढायला लागली.

"दिवाळीचा ना? घंटी अडखळायला लागली तवाचा." त्यांनी वर पाहिलं. "अन् मी येड्यावानी तार आवळत बसलो. तू सांगितलं काहून न्हाई?"

"सांगून काय? मी थांबले असते तर तुम्ही थांबले असते."

दादांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, जुन्या डोळ्यातून आणि नव्या डोळ्यातूनही. चोळायचं नाही असं बजावलेलं असल्यामुळं हात तसेच तिच्या पायावर ठेवून ते बसून राहिले. शेवटी मीच ओढणीनं त्यांचे गाल टिपले.

"उठा आता," माय हळूच म्हणाली. "पाहून राह्यले सगळे."

"पाहू दे. मलाबी आजच दिसून राह्यलं."

मग त्यांनी ठरवून टाकलं. घरी गेल्यावर बिब्बा तापवून लावायचा, कुरूप निघेपर्यंत मायनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि तोवर पहाटे पोरगी पुढं चालेल. माय म्हणाली, हिला कुठं चालता येतं नीट. दादा म्हणाले, शिकंल. तिनं घंटी माझ्या हातात दिली.

परत फिरलो तेव्हा दादांनी तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला होता. चार पावलं टाकायचे आणि थांबायचे. ती जराशी टेकायची, मग पुन्हा चार पावलं. पहिल्यांदाच दोघं शेजारी शेजारी चालत होते. मी घंटी वाजू नये म्हणून लोळा मुठीत धरून मागून येत होते, आणि त्या दिवशी मी कुणालाच विचारलं नाही, की थांबता काहून.